पदर घेतलेली निब

नोव्हेंबर लागला की आमच्या कोल्हापुरातले सगळे पेन्शनर आपण जिवंत आहोत हे सांगायला बँकेत जमतात. आईचा हयातीचा दाखला द्यायला तिला घेऊन मीही गेलो. बँकेचं नाव सांगत नाही, खातं अजून तिथंच आहे. टोकन, बंद पंखा, "सर्व्हर डाऊन हाय" वगैरे तुम्ही तुमच्या बँकेवरून समजून घ्या. बाकावर बसून मी फॉर्म भरत होतो, माझ्या पार्कर ५१ नं.

"पावणं, पेन द्या की जरा. सही ठोकायची हाय."

शाईचं पेन वापरणाऱ्या माणसाला ह्या वाक्याची जेवढी भीती वाटते तेवढी सावकाराचीही वाटत नाही. बॉलपेननं सगळ्या देशाला दाबून लिहायची सवय लावलीय. टोकाची गोळी फिरायला हवी तर दाब हवाच. फाउंटन पेनला तो नको असतो. निबेच्या चिरेतून शाई केशाकर्षणानं आपली आपण उतरते, कागदाला टोक टेकलं की पुरे. हे पेन मागणाऱ्याला समजावून सांगेपर्यंत त्याची सही होऊन निबेच्या दोन फाळ्या दोन दिशांना गेलेल्या असतात.

नाही म्हणायची सोय नव्हती. मामांनी (पांढरी टोपी, खिशात चंची, वय सत्तरीच्या पुढं; कुणाचे मामा ते माहीत नाही) तोवर माझ्या आईला "आक्का" म्हणून तिचं माहेर काढलं होतं. माहेर निघालं कागल. मामांची धाकटी बहीण कागललाच दिलेली. विषय संपला. आईनंच माझ्या हातातलं पेन काढून त्यांना दिलं.

मामांनी पेन डोळ्यांजवळ नेलं, लांब नेलं, परत जवळ आणलं.

"निब कुठाय ह्याची?"

"आत आहे मामा. झाकलेली असते. एवढंच टोक बाहेर."

"झाकलेली? निब काय नवी नवरी हाय व्हय, पदर घ्यायला?"

बाकावरचे सगळे हसले. आई सगळ्यांत जास्त.

"मोडलीया ती. आत गेलीया. थांबा, दातानं वढून काढतो."

मी मामांचा हात धरला. ही दाताची धमकी पोकळ नव्हती. त्यांच्या पिढीनं शाळेत निब आणि तिच्याखालची जीभ दातानंच ओढून काढली आहे आणि दिवसभर निळ्या ओठांनी पाढे म्हटले आहेत. मी घाईघाईनं सांगायला लागलो की हे पेन १९४१ साली अमेरिकेत बाजारात आलं, ते तयार झालं तेव्हा कंपनीला ५१ वर्षं झाली होती म्हणून नाव ५१, त्यासाठी पटकन वाळणारी शाई काढली होती, ती कागदावर वाळायच्या आधी निबेवरच वाळू नये म्हणून निबेवर हे टोपरं.

मामांनी सगळं ऐकून घेतलं आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला.

"आरं, हिरो हाय की ह्ये! चायना! आमच्या थोरल्याला धाव्वीला घेतलं हुतं."

"मामा, हिरोनं ह्याची नक्कल केली. हे मूळ."

"आसं समदेच म्हणत्यात. कितीला घेतलं?"

मी घरी सांगितलेलाच आकडा सांगितला, म्हणजे खऱ्याच्या निम्मा. मामांनी टोपी मागं सरकवली. "येवढ्यात घरातल्या समद्यांचं तांबडा-पांढरा खाऊन झालं असतं, आक्का." आईनं मान हलवली. तिला ह्या आकड्याबद्दल आधीपासूनच संशय होता.

पेनाची किंमत पैशात निघत असती तर भांडणच नव्हतं. हे पेन मला रद्दीच्या दुकानात एका डबड्यात मिळालं, आत शाई वाळून दगड झालेली. आमच्या गावात पेनं दुरुस्त करणारी माणसं होती, असं सगळे सांगतात. कुठं गेली ते कुणी सांगत नाही. म्हणून स्वतःच शिकलो. स्वयंपाकघरातल्या वाटीत पेन भिजत घातलं, रोज पाणी बदललं, रोज पाणी निळं. बायकोनं ती वाटी कायमची माझ्या नावावर करून टाकली. निबेवरचं टोपरं लाखेनं चिकटवलेलं असतं. ते हेअर ड्रायरनं कोमट करून हलक्या हातानं फिरवायचं, घाई केली की तडकतं. आत फण्यासारखे दाते असलेला भाग निघतो. जादा शाई त्या दात्यांत अडून राहते, म्हणून पेन भसाभस गळत नाही. त्या दात्यांत जुनी शाई बसलेली, ती मऊ ब्रशनं काढायची.

निबेची चीर साफ करायला कागदापेक्षा पातळ पत्रा लागतो. शिवाजी उद्यमनगरात ओळखीच्या गॅरेजवाल्याकडं फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांचा जुडगा) मागितला, त्यातली सगळ्यांत पातळ पट्टी. त्यानं विचारलं, "कुठली गाडी?" मी म्हटलं, पेन. त्यानं पट्टी दिली, पण त्या दिवसापासून तो माझ्याशी जरा हळू आवाजात बोलतो. लाखेसाठी गुजरीत गेलो. सोनारानं चपडा काढून दिला, मग भिंग लावून निब पाहिली आणि फार आपुलकीनं म्हणाला, "चौदा कॅरेट हाय. मोडीत किती येतील सांगू?"

एवढं सगळं करून ते पेन लिहायला लागलं, आणि ते आता मामांच्या हातात होतं.

मामांनी पाठीमागची नळी फिरवून काढली. आत धातूचं आवरण, त्याच्या आत शाईची पिशवी. माझं पेन १९४८ नंतरच्या घडणीचं, त्यात आवरणावर एक पट्टी असते, ती दाबली की पिशवी दबते, सोडली की शाई ओढते. पेन कसं भरायचं ते कंपनीनं त्या आवरणावरच इंग्रजीत कोरून ठेवलंय. एवढ्या बारीक अक्षरात की मला भिंग लागतं. मामांनी चष्मासुद्धा लावला नाही.

"प्रेस... रिब्ड... बार... शिक्स टाइम्स. सहा डाव दाबा म्हणतंय."

"दाबू नका मामा! ते रिकामं असताना, दौतीत बुडवून. आत्ता भरलेलं आहे!"

"पावणं, कंपनीनंच लिवलंय न्हवं? का तुमाला कंपनीपरीस जास्त कळतंय?"

आणि मामांनी ती पट्टी इमानेइतबारे सहा वेळा दाबली.

समोरच्या खुर्चीवर एक गृहस्थ बसले होते. पांढरा शर्ट, कडक इस्त्री, मांडीवर प्लास्टिकच्या फायलीवर भरलेला फॉर्म. पहिल्या दाबाला फॉर्म गेला, दुसऱ्याला खिसा, पुढचे दाब मी मोजले नाहीत. शेवटच्या दाबाला पेन मामांच्या हातात होतं, गृहस्थांनी मान वर केली तेव्हा ते माझ्या हातात होतं. ही हातचलाखी मामांनी कशी केली ते मला अजून कळलेलं नाही.

गृहस्थ निवृत्त मास्तर असावेत, कारण ते ओरडले नाहीत. त्यांनी माझं पूर्ण नाव विचारलं.

मी वडिलांच्या नावासकट सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "डाग जाईल का?" इथं खोटं बोलायला हवं होतं, असं आईचं मत आहे. पण प्रश्न शाईचा होता आणि मला आजवर शाईबद्दल कुणी काही विचारलेलंच नव्हतं. मी सांगितलं की साधी रॉयल ब्लू असती तर पाण्यानं बरीचशी गेली असती, ही जुन्या पद्धतीची ब्लू-ब्लॅक आहे, हिच्यात लोहाचे क्षार आणि मायफळात असतं ते टॅनिन. मायफळ म्हणजे आपलं बाळगुटीतलं. हवा लागेल तशी ती आणखी काळी होत जाते. आम्ही दोघांनी त्यांच्या खिशाकडं पाहिलं. ती होत होती.

"लिंबू-मीठ लावा," आई म्हणाली. आंबटानं लोह सुटतं, म्हणजे आईचं शास्त्र बरोबर होतं. पण मास्तरांचा निम्मा राग माझ्या माहितीवर होता, तो कुठल्या लिंबानं जाणार?

काउंटरवरच्या बाईंनी डागाळलेला फॉर्म परत केला. डाग पडलेला चालत नाही, नवीन भरा, नवीन फॉर्म संपलेत, झेरॉक्स समोरच्या गल्लीत. म्हणजे सरकारदरबारी मास्तर झेरॉक्स मिळेपर्यंत हयात नव्हते. झेरॉक्स मी आणली, फॉर्म मी भरला, दुसऱ्या कुणाच्या तरी बॉलपेननं. आणि मी तो भरत असताना मामा साऱ्या बाकाला सांगत होते, "तरी मी आदीच म्हटलं, पेन बाद हाय. असली पेनं आणूच नयेत बँकेत. आमच्या येळंला ठीक हुतं." बाक मान डोलावत होता. आई बाकाच्या बाजूला होती.

मला राग ह्याचा येतो. पेन बिघडलेलं नव्हतं. ते नेमकं जसं चालायला हवं तसं, सहाच्या सहा वेळा, चाललं होतं! इतकी वर्षं वय झालेली वस्तू सांगितलेलं काम बिनचूक करते आणि बाद ती ठरते. त्याच बाकाखाली संपलेली बॉलपेनं पडली होती, ती कुणाला दिसत नव्हती. लोक मला विचारतात, "छंद आहे का?" छंद कसला, मी दुधाचा हिशेब लिहितो, वाण्याची यादी लिहितो, पोराच्या डायरीत "ताप होता" लिहितो. आता तर कागदही असा येतो की शाई टेकली की फुटते आणि मागच्या बाजूला दुसरा मजकूर उमटतो. बँकेचा तो फॉर्मसुद्धा तसलाच, पिऊन टाकणारा. पूर्वी टीपकागद शाई प्यायचा आणि कागद लिहू द्यायचा. आता सगळाच टीपकागद आहे.

आणि शाई तरी कुठं मिळते? महाद्वार रोडला एका दुकानात दौत मागितली तर मालकानं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"किती पायजे?"

"एक बाटली."

"कोन येणार हाय गावात?"

मला कळेना. मग लक्षात आलं. राज्यात शाई आता दोनच कामांना उरलीय: मतदाराच्या बोटाला आणि पुढाऱ्याच्या तोंडाला. त्यांतली बोटाची म्हैसूरहून सरकारी बंदोबस्तात येते, दुकानात मिळत नाही. म्हणजे दौत मागणारा गिऱ्हाईक हा दुसऱ्या कामाचाच. मी म्हटलं, लिहायला हवीय. त्यावर तो डोळा मारून म्हणाला, "व्हय व्हय, लिवायलाच." आणि बिल दिलं नाही. पुरावा नको म्हणून असावं.

बँकेतलं प्रकरण तिथं मिटलं असतं, पण निघताना आईनं मामांना आमचा पत्ता दिला. कागलचे ना. रविवारी सकाळी मामांचे मेहुणे दारात, हातात कापडी पिशवी.

"मामा म्हनाले, तुमी पेनं करता."

मामांना मी हे केव्हा सांगितलं? टोपरं, लाख, सोनार, सगळं आईनं सांगितलं असणार. पिशवी उपडी केली. हिरो पेनं, तीन-चार, आत शाई वाळून दगड. एक जुनं एबोनाइटचं, म्हणजे कडक रबराचं, जाडजूड पेन, ड्रॉपरनं शाई भरायचं, मूळचं काळं, उन्हानं शेवाळी पडलेलं. ते मात्र मी हातातून खाली ठेवेना. दांडी मोडलेला एक चष्मा. आणि तळाशी, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं, मिक्सरचं भांडं.

"हे कशाला?"

"गळतंय खालनं. मामा म्हनाले, गळायचं तुमाला सगळं कळतंय."

आईनं चहा टाकला होता. मी एबोनाइटचं पेन वाटीत भिजत घातलं आणि मेहुण्यांना मिक्सरच्या कंपनीचं नाव विचारलं. वॉशर उद्यमनगरात मिळेल.