नाकावरची माशी

नाकावर माशी बसू न देणे ही आमच्या घराण्याची परंपरा आहे. तिच्यापायी आजोबांनी दोन नोकऱ्या सोडल्या आणि वडिलांनी एक. ही परंपरा माझ्या पिढीत, बर्ड्सव्हिल मुक्कामी, संपुष्टात आली.

बर्ड्सव्हिल हे ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंड राज्याच्या नैऋत्येला, सिम्पसन वाळवंटाच्या काठावर, ब्रिस्बेनपासून सुमारे 1,600 किलोमीटरवर वसलेले गाव. सौभाग्यवतींची येथील दवाखान्यात परिचारिका म्हणून नेमणूक झाल्यामुळे मी, माझा संगणक आणि माझे नाक असे तिघे त्यांच्यामागोमाग आलो. गावात माणसे शंभराच्या आसपास आहेत. ती उणीव माश्यांनी भरून काढली आहे.

या माश्या तशा शिस्तीच्या. त्या घरात फारशा शिरत नाहीत आणि अंधार पडताच कामकाज थांबवतात. मात्र दिवसाउजेडी अंगणात पाऊल टाकणाऱ्याचे अश्रू, घाम आणि लाळ यांवर त्यांचा वंशपरंपरागत हक्क आहे.

मूळ दुखणे शेणाचे. 1788 साली गोऱ्यांनी जहाजांतून गुरे आणली. पण येथील शेणकिड्यांना कांगारूच्या कोरड्या लेंड्यांची सवय असल्यामुळे गायीच्या ओल्या, पसरट शेणाकडे त्यांनी पाठ फिरवली आणि माश्यांना फुकटचे बाळंतघर मिळाले. पुढे जॉर्ज बोर्नेमिस्झा या मूळच्या हंगेरियन कीटकशास्त्रज्ञाच्या पुढाकाराने 1960 च्या दशकाच्या अखेरीपासून परदेशी शेणकिडे आणून सोडण्यात आले. शेण आवरण्यासाठी किडे आयात करणाऱ्या या देशाने वेळीच माझ्या आजीला बोलावले असते, तर तिने दोन उन्हाळ्यांत अख्ख्या खंडाच्या गोवऱ्या थापून, वर त्या नीट वाळत नाहीत म्हणून येथील उन्हाला नावे ठेवली असती. (आणि येथे 1972 साली 49.5 अंश तापमान नोंदले गेले आहे!)

शेजारच्या वृद्ध गृहस्थांनी मला टोपीवरून ओढायची जाळी भेट दिली. ती चढवून मी पहिल्या सकाळी अंगणात पोहे खायला बसलो आणि भरलेला चमचा, मधल्या जाळीचा विसर पडून, मोठ्या विश्वासाने तोंडाकडे नेला. हनुवटीवर ओले खोबरे, जाळीला चिकटलेली मोहरी आणि बाहेरून तिचा समाचार घेणाऱ्या चाळीसेक माश्या, असे ते दृश्य होते. जाळी काढली, तर प्रथमग्रासे मक्षिकापातः. या संस्कृत वचनाचा अर्थ मला जिभेवर कळला.

खरी परीक्षा दूरध्वनीची. आईची पूजा सकाळी आठला आटोपते, तेव्हा येथे दुपारचे साडेबारा वाजलेले असतात. सौभाग्यवती रात्री रुग्ण पाहून नुकत्याच झोपलेल्या असल्यामुळे मला बोलायला अंगणातच जावे लागते. गावकरी ओठ जेमतेम विलग करून सगळा संवाद उरकतात. मला ती कला अद्याप साधलेली नाही.

"अरे, दातखीळ बसली का तुझी? नीट बोल ना," आई म्हणाली.

"हं."

"दिवसभर करतोस तरी काय तिकडे?"

तोंड उघडायचेच, तर कमीत कमी शब्दांत खरे उत्तर द्यावे, या हिशेबाने मी म्हणालो, "माश्या मारतो."

तासाभरात साताऱ्याहून काकांचा फोन आला. "हे बघ, मनाला लावून घेऊ नकोस," ते म्हणाले, "आपल्या पतसंस्थेत वसुलीची एक जागा रिकामी आहे."