तिडके कॉलनी परिसरातील सेप्टिक टाकीच्या सफाईबद्दल आपण दिलेल्या अभिप्रायास उत्तर

नमस्कार. आपण आमच्या सेवेला एक तारा देऊन लिहिलेला अभिप्राय मी दोनदा वाचला आणि त्या दिवशी आपल्या बंगल्यावर आलेल्या तिन्ही माणसांशी बोलल्यानंतरच हे उत्तर लिहीत आहे. आपल्या तक्रारी थोडक्यात अशा आहेत: फोनवर ‘ड्रेनेज सफाई’चे २,५०० रुपये सांगून बिल ६,२०० रुपयांचे केले, दारासमोर गटार असताना टाकीतले पाणी त्यात सोडायला नकार देऊन टँकरच्या दोन खेपा लावल्या, माणूस आत उतरवून टाकी घासून दिली नाही आणि तळाचा गाळ तसाच ठेवला, शिवाय विचारले तेव्हा न समजणारे शब्द वापरून वेळ मारून नेली.

पैशांच्या बाबतीत चूक आमची आहे आणि ती मी मान्य करतो. नाशिकमध्ये आपण सगळेच ‘ड्रेनेज’ हा एकच शब्द तीन वेगवेगळ्या गोष्टींसाठी वापरतो. संडास-मोरीचे पाणी मलजल शुद्धीकरण केंद्राकडे नेणारी भुयारी गटार, रस्त्यावरचे पावसाचे पाणी वाहून नेणारी पावसाळी गटार आणि अंगणातली सेप्टिक टाकी, या तिन्हींना घरोघरी ‘ड्रेनेज’च म्हणतात. आपण फोनवर ‘ड्रेनेज तुंबले आहे’ असे सांगितलेत, आमच्या कार्यालयातील मुलीने ते भुयारी गटारीच्या चेंबरचे, म्हणजे वाहिनीवरच्या झाकणाच्या तपासणी-खड्ड्याचे, काम समजून जेटिंगचा (जोराच्या पाण्याने वाहिनी मोकळी करण्याचा) दर सांगितला. घर भुयारी गटारीला जोडलेले आहे की टाकीवर आहे, हा पहिला प्रश्न तिने विचारायला हवा होता आणि तो विचारायला मी तिला शिकवायला हवे होते. टाकीचे काम निघाल्यावर नवा दर लेखी देऊन आपली संमती घेणे हेही आमचे काम होते. दुसऱ्या खेपेची कल्पना आपल्याला कोणीच दिली नव्हती, म्हणून त्या खेपेचे १,६०० रुपये मी परत करत आहे.

आता शब्दांबद्दल, कारण आपल्या बंगल्यावर जे आढळले ते या शब्दांशिवाय सांगताच येत नाही. आपल्या घरातील मोरी आणि स्वयंपाकघराचे पाणी गल्ली ट्रॅपमधून (वास आणि कचरा अडवणाऱ्या जाळीच्या खड्ड्यातून) चेंबरमध्ये आणि तिथून भुयारी गटारीत जाते, ते ठीक आहे. संडासची लाइन मात्र भुयारी गटार आल्यानंतरही जुन्या सेप्टिक टाकीवरच राहिली आहे, आणि त्या टाकीचा बाहेर पडणारा पाइप, जो नियमाप्रमाणे शोषखड्ड्यात, म्हणजे पाणी जमिनीत मुरवणाऱ्या खड्ड्यात, जायला हवा, तो पूर्वी काम केलेल्या कोणा ठेकेदाराने कंपाउंडखालून थेट रस्त्याच्या पावसाळी गटारीत सोडला आहे. आपल्याला याची माहिती नव्हती, यावर माझा पूर्ण विश्वास आहे. जमिनीखालचे काम घर घेताना कोणी उघडून पाहत नाही.

‘टाकीतून गाळूनच पाणी जाते ना’ असे आपण आमच्या माणसाला म्हणालात. सेप्टिक टाकी गाळणी नव्हे. जड मैला तळाशी बसतो, तेलकट थर वर तरंगतो आणि मधले पाणी साधारण एक-दोन दिवस थांबून पुढे सरकते. त्या पाण्यातले रोगजंतू आणि विरघळलेली घाण बऱ्याच अंशी तशीच असते. टाकी दर दोन-तीन वर्षांनी उपसली नाही, तर गाळ वर येत जातो, पाण्याला थांबायला जागा उरत नाही आणि मैलाच बाहेर पडू लागतो. आपली टाकी, आपल्याच सांगण्याप्रमाणे, घर घेतल्यापासून कधी उघडली नव्हती. दोन खेपा लागल्या त्या यामुळेच.

समोरच्या गटारीत पाणी सोडण्याबद्दल मात्र माझे उत्तर उद्याही नकाराचेच राहील. पावसाळी गटारीच्या शेवटी कोणतेही शुद्धीकरण केंद्र नसते. तिच्यात पडलेले पाणी जवळच्या नाल्यातून नदीत जाते. आपल्या भागात ती नदी म्हणजे नंदिनी, जिला जुने नाशिककर अजूनही नासर्डी म्हणतात आणि जी टाकळीच्या संगमावर गोदावरीला मिळते. भुयारी गटारीचे पाणी तपोवन, आगरटाकळी यांसारख्या केंद्रांवर प्रक्रिया होऊन मगच सोडले जाते, आणि त्या सोडलेल्या पाण्यासाठी केंद्र सरकारच्या पर्यावरण मंत्रालयाने १३ ऑक्टोबर २०१७ च्या अधिसूचनेने मर्यादा ठरवून दिल्या आहेत. वर्षानुवर्षे साचलेला टाकीतला मैला तर रोजच्या सांडपाण्यापेक्षाही कितीतरी पट दाट असतो. जलप्रदूषण प्रतिबंधाच्या १९७४ च्या कायद्याचे कलम २४ असे प्रदूषक पाणी जाणूनबुजून ओढ्यात, विहिरीत किंवा गटारीत सोडण्यास मनाई करते. असे पाणी टँकरभरच काय, एक बादलीही मी त्या गटारीत ओतू देणार नाही. माझे वडील ज्या नदीत पोहायला शिकले, तिच्या काठाने आता नाक धरून चालावे लागते, आणि हा व्यवसाय करणाऱ्या माणसाला त्याची लाज वाटलीच पाहिजे.

उलट बाजूची चूकही इथे अनेक घरांत दिसते, म्हणजे गच्चीचे पाणी भुयारी गटारीच्या चेंबरमध्ये सोडलेले असते. त्या वाहिनीचा हिशोब माणशी रोजच्या १३५ लिटर पाण्यापैकी सुमारे ८० टक्के सांडपाणी होते असे धरून केलेला असतो, पावसाचा नव्हे. म्हणून जोराच्या सरीत मॅनहोलचे झाकण उचलले जाते आणि मैला रस्त्यावर येतो. आपल्या बंगल्यात तसे नाही.

माणूस आत उतरवण्याविषयी. ‘अर्ध्या तासाचे काम होते’ असे आपण लिहिले आहे. बंद टाकीत प्राणवायू कमी असतो आणि हायड्रोजन सल्फाइड व मिथेन साचलेले असतात. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यांसारखा वास येतो, पण त्याचे प्रमाण वाढले की नाकाची संवेदनाच जाते. वास थांबला म्हणून धोका टळला असे समजणारा माणूस काही क्षणांत कोसळतो आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही तिथेच पडतो. २०१३ च्या हाताने मैला साफ करण्यास मनाई करणाऱ्या कायद्याच्या कलम ७ नुसार सुरक्षा साधने व खबरदारीशिवाय कोणालाही गटारीत किंवा सेप्टिक टाकीत उतरवता येत नाही. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. हे बंधन केवळ ठेकेदारावर नाही, ‘प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष’ काम करवून घेणाऱ्या प्रत्येकावर आहे, म्हणजे घरमालकावरही. सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूंसाठी २०१४ मध्ये दहा लाख रुपये भरपाई सांगितली होती, ती २०२३ मध्ये तीस लाख केली. माझ्याकडची माणसे गेली कित्येक वर्षे माझ्यासोबत आहेत, त्यांच्या घरच्यांना मी ओळखतो. त्यांना मी टाकीत उतरवणार नाही. तळाचा थोडा गाळ राहिला तो निष्काळजीपणाने नव्हे. त्यातले जिवाणूच नव्या मैल्याचे विघटन सुरू करतात, म्हणून वापरात असलेली टाकी तळापर्यंत धुऊन काढायची नसते.

हे सगळे त्या दिवशी आपल्याला शांतपणे सांगायला हवे होते. आमच्या माणसाने घाईत दोन-तीन तांत्रिक शब्द टाकून विषय मिटवला, त्याबद्दल मी आपली माफी मागतो.

कायमचा उपाय टाकी पुन्हा पुन्हा उपसणे हा नाही. महानगरपालिकेच्या परवानगीने, परवानाधारक प्लंबरकडून संडासची लाइन भुयारी गटारीच्या चेंबरला जोडून घ्यावी. त्यानंतर टाकी पूर्ण उपसून मुरुमाने भरून टाकावी आणि कंपाउंडखालचा तो पाइप दोन्ही बाजूंनी सिमेंटने बंद करावा. हे काम आपण कोणाकडूनही करून घ्या. आमच्याकडून करायचे ठरवल्यास पाहणीचे पैसे घेणार नाही आणि दर आधी कागदावर मिळेल. टँकरच्या दोन्ही खेपा कुठे रिकाम्या केल्या त्याच्या पावत्यांचे फोटो आणि पाइप कुठून जातो याचा हाताने काढलेला नकाशा आज आपल्या फोनवर पाठवला आहे. पावसाळ्याआधी निदान तो पाइप बंद व्हावा, एवढी विनंती आहे.