इंग्रजी वाक्याचे उद्देश्य म्हणजे पहिला शब्द नव्हे

इंग्रजी व्याकरण सोपे करून सांगणारा एक नियम विद्यार्थ्यांमध्ये फार फिरतो: 'वाक्यातला पहिला शब्द म्हणजे सब्जेक्ट, क्रिया करणारा तोच, त्याच्या पुढे येणारे सगळे प्रेडिकेट.' सब्जेक्ट म्हणजे उद्देश्य, क्रियापद ज्याच्याशी जुळते तो भाग; प्रेडिकेट म्हणजे विधेय, वाक्याचा उरलेला भाग. या नियमात तीन दावे आहेत आणि तिन्ही टिकत नाहीत.

पहिला दावा जागेचा. 'येस्टरडे द ओल्ड गार्डनर प्लांटेड अ ट्री' या वाक्यात 'येस्टरडे' केवळ काळ सांगतो. उद्देश्य आहे 'द ओल्ड गार्डनर' हा अख्खा शब्दसमूह. 'अंडर द टेबल स्लेप्ट टू कॅट्स' या वाक्यात तर उद्देश्य क्रियापदानंतर येते. 'पहिला शब्द नाही, तर क्रियापदाच्या लगत आधीचे नाम धरा' अशी दुरुस्ती काही जण सुचवतात, पण 'द बॉक्स ऑफ ॲपल्स इज हेवी' इथे तीही फसते, कारण 'इज' हे एकवचनी रूप 'ॲपल्स'शी नव्हे, तर 'बॉक्स'शी जुळलेले आहे.

दुसरा दावा अधिक घातक आहे आणि त्याचे मूळ आपल्या परिभाषेत आहे. 'सब्जेक्ट'साठी आपण 'कर्ता' हा शब्द शिकवतो आणि त्या शब्दातच 'करणारा' हा अर्थ असल्यामुळे विद्यार्थी वाक्यात माणूस शोधू लागतो. 'द विंडो वॉज ब्रोकन बाय द बॉय' या वाक्यात फोडणारा मुलगा आहे, तरी उद्देश्य खिडकीच आहे. 'शी रिसीव्ह्ड अ लेटर' मधल्या 'शी'ने काही केलेले नाही, तिला पत्र मिळाले आहे. 'इट इज रेनिंग' मध्ये तर करणारा कोणीच नाही. खरे पाहता हा भेद मराठी भाषकाला सर्वांत आधी कळायला हवा. 'मुलाने आंबा खाल्ला' आणि 'मुलाने चिंच खाल्ली' असे म्हणताना आपण क्रियापद खाणाऱ्याशी नव्हे, तर खाल्लेल्या वस्तूशी जुळवतो. म्हणजे क्रिया कोणी केली आणि क्रियापद कोणाशी जुळते, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, हे आपण बोलताना सहज पाळतो. इंग्रजीत उद्देश्य शोधताना विचारायचा आहे तो दुसरा प्रश्न. म्हणून मी स्वतः 'कर्ता' हा शब्द टाळून 'उद्देश्य' आणि 'विधेय' हीच जोडी वापरावी, असे आग्रहाने सांगेन.

तिसरा दावा, म्हणजे विधेय नेहमी पुढे आणि सलग असते हा, प्रश्नार्थक वाक्यात लगेच मोडतो. 'व्हेअर डिड युअर सिस्टर गो?' यात 'युअर सिस्टर' मध्ये आहे आणि विधेय तिच्या दोन्ही बाजूंना विभागले गेले आहे. 'क्लोज द डोअर' हे दिसणारे सगळे वाक्य विधेयच आहे, उद्देश्य 'यू' अध्याहृत, म्हणजे न बोलता गृहीत धरलेले, आहे. 'हेल्प युअरसेल्फ' मधल्या 'युअरसेल्फ'वरून त्याची खात्री पटते, कारण तो शब्द त्या न दिसणाऱ्या 'यू'कडेच बोट दाखवतो.

नवशिक्यांसाठी एवढा नियम पुरे, असे त्याच्या बाजूने म्हटले जाते. काही साध्या वाक्यांपुरते ते खरे आहे, पण जागा पाहून उद्देश्य ठरवण्याची ही सवय पुढे 'द बॉक्स ऑफ ॲपल्स आर हेवी' असे लिहायला लावते. त्यापेक्षा वाक्याचा होय-नाही प्रश्न करून पाहणे कितीतरी भरवशाचे आहे. 'द मॅन हू इज स्टँडिंग देअर इज अ डॉक्टर' याचा प्रश्न 'इज द मॅन हू इज स्टँडिंग देअर अ डॉक्टर?' असा होतो. म्हणजे दुसरे 'इज' ज्या शब्दसमूहाला ओलांडून पुढे आले, तो संपूर्ण समूह उद्देश्य, आणि त्यातले पहिले 'इज' जागचे हलत नाही.

'देअर आर टू बुक्स ऑन द टेबल' अशा वाक्यांत मात्र ही कसोटी 'देअर'कडे बोट दाखवते आणि 'आर'चे अनेकवचन 'टू बुक्स'कडे. शालेय व्याकरण 'टू बुक्स'ला खरे उद्देश्य मानते, तर अनेक आधुनिक व्याकरणकार 'देअर'ला. म्हणून ही वाक्ये बाकीचे पक्के झाल्यावरच शिकवावीत.