एकवीस खड्यांचा माणूस

परवा परभणीत भर दुपारी, चार माणसांसमोर माझं घड्याळ डुप्लिकेट ठरलं. पंचनामा झाला, साक्षीदार झाले, निकालही लागला. आणि ज्यानं निकाल दिला त्याच्या मनगटावर जे होतं ना, ते आठवलं की अजून दातओठ खायला होतं.

घड्याळ म्हणजे एचएमटी जनता. चावीचं, सतरा ज्वेलचं, म्हणजे आत सतरा खडे. डायल एके काळी पांढरा, आता चहा सांडलेल्या बनियनच्या रंगाचा, चाराच्या आकड्यापाशी दोन डाग. ऑनलाइन लिलावात चोवीसशेला घेतलं. चोवीसशे हा आकडा ऐकून घरी जे झालं तो विषय वेगळा, इथं नको.

पण घेतलं म्हणजे डोळे झाकून घेतलं का? जुन्या घड्याळांच्या लिलावात डोळे झाकणाऱ्याच्या हातावर आठवड्यानं पोपटी रंगाचं एचएमटी पायलट असतं. आपण लहानपणी बघितलेलं पायलट काळ्या डायलचं. लिलावात बघा, पोपटी, जांभळं, मोरपंखी, टोमॅटो. १९६१ साली बेंगळुरूला सिटिझन कंपनीच्या मदतीनं सुरू झालेला एचएमटीचा घड्याळांचा कारखाना, २०१६ ला सरकारनं बंद करायचं ठरवलं, आणि ज्यांनी रोज चावी द्यायचा कंटाळा म्हणून बापाचं घड्याळ भंगारात घातलं होतं त्यांनाच एकदम उमाळा आला. भाव चढले, माल पुरेना, मग माल तयार व्हायला लागला. एकाचं मशीन, दुसऱ्याची केस, तिसऱ्याचे काटे आणि डायल खरवडून त्याच्यावर नवा रंग, नवा छाप. सेको, फेवरलूबा, वेस्ट एंड, कुठल्याच कंपनीच्या घड्याळाला सोडलं नाही. परदेशातले शौकीन लोक असल्या मालाला 'मुंबई स्पेशल' म्हणतात. मुंबईकरांनी माझ्यावर डाफरू नये, नाव मी ठेवलेलं नाही.

तर मी आधी विक्रेत्याकडं बाकी काय काय मांडलंय ते बघतो. एकच मॉडेल सात रंगात दिसलं की तिथून सरळ बाहेर. 'वडिलांचं घड्याळ, जड मनाने विकतोय' असं लिहिलेलं असलं तर त्याच्या वडिलांनी अजून किती घड्याळं वापरली तेही बघायचं. एकाच्या वडिलांची चाळीसेक निघाली, दोन्ही हातांत कोपरापर्यंत घालत असतील. मग झाकण उघडून मशीनचा फोटो मागायचा. इथं खरी गंमत. एकानं झाकणाचाच फोटो पाठवला, अजून जवळून. एकानं दुसऱ्याच घड्याळाचं मशीन पाठवलं आणि ते त्याला सांगितलं तर म्हणतो 'लेना है तो लो, टाइमपास मत करो'. एकानं तर ब्लॉकच केलं. अरे बाबा, पैसे मी द्यायचे, वस्तू न बघता मी घ्यायची, आणि टाइमपास पण मीच करायलो?

आणि ती बोली. लिलाव संपायच्या आधी दोन नावं कुठून तरी उगवतात, ही दोन नावं फक्त ह्याच विक्रेत्याच्या मालावर बोली लावतात, दुसरीकडं जन्मात कुठं नाही, आणि भाव चढवून झाला की गप होतात. ह्याची तक्रार करायला फॉर्म आहे. फॉर्म भरला की ते आभार मानतात. नंतर काय होतं? काही होत नाही, आभार मानून झालेले असतात.

एवढ्या चाळणीतून खाली उतरलं ते माझं जनता. भिंगाखाली अक्षरांचे काठ स्वच्छ, मिनिटांच्या रेषा जागच्या जागी, आणि काट्यांवर तेवढाच मळ जेवढा डायलवर. मळ सगळीकडं सारखा पाहिजे. डायल कालचा आणि काटे आजोबांचे असं दिसलं की पळा.

फक्त मागं पडायलं होतं म्हणून घड्याळं दुरुस्त करणाऱ्या चाचांकडं नेलं. काचेची पेटी, वर छत्री, समोर एक बाकडं. बाकड्यावर एक गृहस्थ आधीच बसलेले. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, मांडीवर भिंतीवरचं घड्याळ उताणं. त्यांच्या हातातल्या घड्याळाचा पट्टा बदलायचं काम पेटीत चालू होतं. चाचांनी माझं जनता हातात घेतलं, तर गृहस्थ वाकून बघायले.

"किती दिले?"

"चोवीसशे."

त्यांनी मांडीवरचं घड्याळ उचलून बाकड्यावर ठेवलं. माणूस कामाला लागला की कळतं.

"मालक, तुमाला फसवलं."

"नाही हो. ओरिजनल आहे."

"ओरिजनल आसं आसतंय? चाचा, द्या हो माझं इकडं." नवा पट्टा अर्धा लावलेलं घड्याळ त्यांनी मनगटावर धरलं. सेको फाइव्ह. डायल केशरी, काटे पिवळे, सेकंदकाटा निळा. "ह्येला म्हणायचं ओरिजनल. जपान! ऑनलाइन बोली लावून घेतली, साडेतीन हजार. चाळीस वर्ष जुनी हाय, पर डायलवर एक डाग दाखवा."

"तेच तर म्हणायलो. चाळीस वर्षांत एक डाग नाही म्हणजे डायल रंगवलेला आहे."

"मंग? तुमी दिवाळीला घराला रंग देत नाही?"

चहा घेऊन आलेलं पोरगं हसलं. सेल टाकायला आलेला एक जण थांबला. रिक्षावाल्यानं रिक्षा बंद केली. परभणीत गर्दी जमायला कारण लागत नाही, 'जगात जर्मनी, भारतात परभणी' उगाच म्हणत नाहीत.

आता मीही इरेला पेटलो. भिंग मागून घेतलं. डायलवर 'ऑटोमॅटिक'चं शेवटचं अक्षर जागा संपली म्हणून अंग चोरून उभं, खाली लिहिलेलं एकवीस ज्वेल. चाचांना म्हणलं ह्यांचं झाकण काढा. झाकणावर नंबर सुरू होतो ६११९ नं, आत रोटरवर, म्हणजे फिरत्या चकतीवर, कोरलेलं ७००९, सतरा ज्वेल. म्हणलं, बघा साहेब, सेकोच्या पाठीवरचे पहिले चार आकडे मशीनचे असतात, आत तेच मशीन निघायला पाहिजे. हे झाकण एकाचं, मशीन दुसऱ्याचं, डायल पेंटरचा.

"डायलवर काय लिवलंय?"

"एकवीस."

"मंग एकवीस."

"अहो पण आत सतरा आहेत!"

"आत कोण बघतंय? तुमाला कुणी टाइम इचारला तर झाकण उघडून सांगता का?"

आता रिक्षावाला पण हसला.

"आन् समजा चार खडे वापरात पडले आसतील. तरी माझे सतरा राह्यले. तुमचे मुळातच सतरा, त्यातले पडल्यावर किती राह्यले?"

ह्याला उत्तर काय देणार. हे खडे म्हणजे कारखान्यात केलेलं माणिक. व्हर्नोई नावाच्या फ्रेंच माणसानं १९०२ साली ती रीत जाहीर केली, माणिक स्वस्त झालं, आणि चाकांची टोकं झिजू नयेत म्हणून घड्याळात बसवायला परवडायला लागलं. पण आमच्याकडं लग्नात जावयाला घड्याळ देताना 'सतरा खड्यांचं' असं मांडवात जोरात सांगायचे. आमच्या एका चुलत्यानं तंगीच्या वर्षी घड्याळ सोनाराकडं नेलं होतं, खडे काढून द्या म्हणून. सोनारानं चहा पाजून परत पाठवलं. त्या चुलत्याला मी आयुष्यभर हसलो, पण त्याच्यात आणि ह्या गृहस्थांत फरक एवढाच की चुलता सोनाराचं ऐकून घरी तरी आला.

शेवटी म्हणलं, "चाचा, तुम्हीच सांगा." चाचांचा जन्म घड्याळं उघडण्यात गेलेला. दोन्ही मशीनं समोर उघडी. चाचांनी एकदा इकडं बघितलं, एकदा तिकडं.

"दोनो अच्छी हैं भाई. चलरे ना दोनो? हौ, बस."

बस! निकाल लागला. वर मलाच म्हणायले, "तुम्हारा डायल बी नया करा देतूं. कलर बोलो."

"केशरी घ्या," गृहस्थ म्हणाले, "उठून दिसतंय." आणि जाता जाता माझा नंबर घेऊन मिस कॉल दिला, काही लागलं तर सांगा म्हणून.

ते गेल्यावर चाचा माझ्या झाकणावर फुंकर मारत हळूच म्हणाले, "तुम्हारी असली है."

"मग मघाशी बोलायला काय झालं होतं?"

"वो गिऱ्हाइक है ना."

"आणि मी?"

"तुम पढे-लिखे."

म्हणजे खरं काय ते कळायची शिक्षा अशी, की चारचौघांत खोटं ऐकून घ्यायचं. बरं, चाचांवर तरी किती चिडू, पट्टा बदलायचे पैसे गृहस्थांनी दिलेत, खरं सांगायचे त्यांना कोण देतं? चीड येते ती डायल खरवडणाऱ्यांची. काटे मिळतात, चावी मिळते, मशीनचे सुटे भाग शोधले तर सापडतात, पण एकदा खरवडलेला डायल गेला तो गेला. आणि लोक ते वर पैसे देऊन करून घ्यायलेत, कारण जुनं पाहिजे पण जुनं दिसायला नको.

रात्री मेसेज आला, खाली लिंक. 'मालक जनता आहे हिरवा डायल. तुमच्या रंगाला शोभेल. झाकण उघडू नका.' उघडून बघितलं. एकच मॉडेल, सात रंग. वर्णनात 'वडिलांचं'. लिलावाला दोन तास बाकी, अकरा बोली लागलेल्या, भाव सव्वीसशे. सव्वीसशे! आणि माझ्या जनतावर शेवटपर्यंत बोली लावणारा मी एकटा.