गावाहून दाखला आणा

माझी मुलगी न्यू जर्सीतल्या सरकारी शाळेत बालवर्गात गेली तेव्हा तिला इंग्रजी येत नव्हतं. घरात आम्ही हट्टाने मराठीच बोलायचो. तिसऱ्याच दिवशी ती बाईंना म्हणाली, "शू." बाईंनी वाकून तिच्या बुटांच्या नाड्या बांधल्या. तिने पुन्हा सांगितलं, बाईंनी पुन्हा नाड्या तपासल्या. पुढे जे व्हायचं ते झालं. दुसऱ्या दिवशी बाईंनी माझ्यासमोर कागद ठेवून दहा मराठी शब्द लिहून मागितले. पाणी, भूक, पोटात दुखतंय, आणि सगळ्यात वर तो शब्द. वर्षभर तो कागद वर्गाच्या दारामागे चिकटवलेला होता.

नाव घालताना शाळेने जन्मदाखला, लसीकरणाचं कार्ड, भाडेकरार आणि विजेचं बिल एवढंच मागितलं. व्हिसाचं नावही कुणी काढलं नाही. मला तो भलेपणा वाटला होता, पण त्यामागे कायदा आहे. 1975 मध्ये टेक्सासने बेकायदा राहणाऱ्या मुलांच्या शिक्षणासाठी शाळांना मिळणारा पैसा बंद केला, आणि टायलर गावच्या शाळा अशा मुलांकडून वर्षाला 1000 डॉलर मागू लागल्या. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. 1982 मध्ये निकाल लागला की आईबापांनी केलं त्याची शिक्षा पोरांना देता येणार नाही, शाळेत घ्यावंच लागेल. पाच विरुद्ध चार. एक न्यायमूर्ती इकडचे तिकडे झाले असते तर चित्र उलटं असतं. त्याआधी, 1974 मध्ये, सॅन फ्रान्सिस्कोच्या चिनी मुलांच्या खटल्यात ठरलं होतं की भाषाच कळत नसेल तर सगळ्यांना एकच पुस्तक आणि एकच शिक्षक देऊन समानता होत नाही. आमचा दहा शब्दांचा कागद त्याच निकालाच्या वंशातला.

2025 च्या जुलैत भांडुपला आईकडे आले तेव्हा घरोघरी एकच विषय होता. पहिलीपासून हिंदी सक्तीची करणारा एप्रिलचा निर्णय सरकारने 29 जूनला मागे घेतला होता आणि 5 जुलैला वरळीत ठाकरे बंधूंचा विजयी मेळावा झाला. मामा पेढे घेऊन आला. मीही खाल्ला, मनापासून. सहा वर्षांच्या पोराच्या दप्तरात तिसरी भाषा कोंबायला माझा विरोधच आहे.

पण इमारतीच्या वॉचमनचा आठ-नऊ वर्षांचा मुलगा रोज सकाळी जिन्यात बसलेला दिसायचा. उत्तर प्रदेशातल्या बस्ती जिल्ह्यातून आईबरोबर मे महिन्यात आलेला. शाळा सुरू होऊन तीन आठवडे झाले होते. जवळच्या शाळेत वडील दोनदा जाऊन आले, उत्तर एकच: "गावाहून दाखला आणा, आधारवरचा पत्ता बदला." दाखल्यासाठी गावी जायचं तर पगार कापला जाणार.

शिक्षण हक्क कायदा लागू झाला 1 एप्रिल 2010 ला. त्याच्या पाचव्या कलमात स्पष्ट लिहिलंय की दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येणार नाही. चौदावं कलम वयाच्या पुराव्याबद्दल तेच सांगतं. आधार नाही म्हणून मुलाला प्रवेश नाकारू नका, हे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्येच सांगितलंय. म्हणजे कागदावर आपण अमेरिकेपेक्षा तसूभरही मागे नाही. अडतं ते कार्यालयातल्या टेबलावर. आणि टेबलामागच्या माणसालाही मी खलनायक करणार नाही. ज्या मुलाचं आधार जुळत नाही तो संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवताना, धरला जात नाही, आणि पट कमी दिसला की शिक्षकाचं पद जातं. घेतला तरी डोकेदुखी, नाही घेतला तर विचारणारं कोणी नाही.

हे सांगितलं तर मामा म्हणाला, "अगं, आधी आपल्या पोरांचं बघा. गिरगाव सोडून विरारला गेलो आपण, आता शाळाही यांनाच द्यायच्या?" मामाचं दुखणं खोटं नाही, त्याची चाळ माझ्या डोळ्यांसमोर गेली. पण महापालिकेच्या मराठी शाळांतून पोरं काढून इंग्रजीत घातली कोणी? आपणच. माझे दोन्ही मामेभाऊ कॉन्व्हेंटचे. त्या शाळांचा पट घसरतोय आणि मराठी शिकायला तयार असलेला पोरगा जिन्यात बसलाय. पालिका आठ माध्यमांतून शिकवते, त्यामुळे त्याला हिंदी शाळा दाखवणं सोपं. त्याला मराठी वर्गात घ्यायचं आणि पहिले सहा महिने कोणीतरी शेजारी बसून शिकवायचं, ही सोय मात्र मी कुठे पाहिली नाही. मराठी यायलाच हवी असं म्हणणाऱ्यांनी ती शिकवणाऱ्या शिक्षकाची मागणी मेळाव्यात का करू नये?

मामा गप्प बसला नाही. तुमच्या ट्रम्पचं काय, म्हणाला. बरोबर आहे. 20 जानेवारी 2025 ला तिथल्या सरकारने शाळा, दवाखाने, देवळं इथे बेकायदा राहणाऱ्यांची शक्यतो धरपकड करू नये हा जुना नियम काढून टाकला. त्याच वर्षी टेनेसीच्या सिनेटने अशा मुलांना शाळेत नाकारण्याची मुभा देणारं विधेयक मंजूर केलं, ते पुढे दुसऱ्या सभागृहात अडकलं. आमच्या शाळेचं पत्र आलं: न्यायाधीशाच्या सहीचं वॉरंट असल्याशिवाय कुणालाही आत सोडणार नाही. मी ते दोनदा वाचलं. आमचे कागद पक्के आहेत, तरी वाचलं. मुलीच्या वर्गातली एक मैत्रीण त्या आठवड्यात दोन दिवस आली नाही, आणि का, हे कुणी विचारलं नाही.

मी परत आले. परवा आईचा फोन होता. एका बाईंनी त्या मुलाला तसाच मागच्या बाकावर बसवून घेतलाय, हजेरीपटात नाव नाही. दाखलाही आला अखेर, कुणाच्या तरी हाती. पण दाखल्यावर नाव एक आणि आधारवर जरासं वेगळं, एका वेलांटीचा फरक. आता प्रतिज्ञापत्र मागितलंय.