टाकी कोणाची, पाइप केवढा

ठाण्यात कुठल्याही कॉम्प्युटरच्या दुकानात जाऊन ‘फोटो एडिटिंगसाठी लॅपटॉप दाखवा’ एवढंच म्हणून बघा. काउंटरमागचा पोरगा मोबाइलमधून मान वर न काढता विचारतो, ‘ग्राफिक कार्डवाला ना?’ नको म्हणायचा धीर होत नाही. पंगतीत जिलबीला नाही म्हटल्यासारखं वाटतं. पाचव्या मिनिटाला समोर अडीच किलोचं धूड येतं. कीबोर्डात दिवाळीची माळ लागलेली आणि चार्जर असा की शेजारी दोन ठेवले तर चूल मांडता यावी. ही जोडी खांद्याला लावून सकाळच्या लोकलमध्ये शिरून दाखवणाऱ्याचा माझ्या मते जाहीर सत्कार व्हावा.

फोटो एडिटिंगला असं वेगळं ग्राफिक कार्ड, म्हणजे पडद्यावरचं चित्र तयार करणारा स्वतंत्र भाग, खरंच लागतं का? वास्तविक हा सगळा मामला पाण्याचा आहे. इंटिग्रेटेड म्हणजे प्रोसेसरच्या पोटातलंच ग्राफिक्स. त्याला स्वतःची टाकी नाही. सोसायटीच्या टाकीतून, म्हणजे कॉम्प्युटरच्या सामाईक मेमरीतून, रॅममधून, ओढायचं आणि इतर बिऱ्हाडांची बोलणी खायची. डेडिकेटेड कार्डाची माळ्यावर स्वतःची टाकी असते, तिला व्हीरॅम म्हणतात. घोडबंदर रोडला राहणाऱ्याला पुढचं सांगावंच लागत नाही: टाकी केवढी यापेक्षा पाइप केवढा, यावर सकाळ अवलंबून असते. डीडीआर४-३२०० रॅमची एक स्टिक सेकंदाला २५.६ जीबी पुरवते, दोन चॅनलांत, म्हणजे दोन नळांवर, दोन स्टिका लावल्या की ५१.२. डेस्कटॉपच्या आरटीएक्स ४०६० या कार्डाची टाकी ८ जीबीची आणि पाइप सेकंदाला २७२ जीबीचा.

आता गोम अशी, की ‘१६ जीबी आहे साहेब’ म्हणून दिलेल्या लॅपटॉपात बरेचदा १६ ची एकच स्टिक असते. टाकी भरलेली, नळ एक. इंटेलच्या आयरिस एक्सई ग्राफिक्सचा तर यात अपमानच होतो. दोन चॅनल मिळाले नाहीत, तर विंडोज त्याचं नाव साधं ‘यूएचडी’ असं दाखवतं. दुकानातच टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये मेमरीवर क्लिक करा आणि ‘स्लॉट्स यूज्ड’पुढे काय लिहिलंय ते वाचा. दोनपैकी एक असेल, तर तेवढ्याच क्षमतेची दुसरी स्टिक लावून मागा. कार्डाच्या मानाने हा किरकोळ खर्च आहे. काही पातळ लॅपटॉपांत रॅम बोर्डालाच चिकटवलेली असते. तिथे पुढे वाढवण्याची आशा ठेवू नये.

फोटोशॉपमध्ये लेयर, मास्क, हीलिंग, क्लोन, कर्व्ह्‌ज असा संसार करणाऱ्यांना कार्ड फारसं लागत नाही. तिथे राबतात प्रोसेसर आणि रॅम. २४ मेगापिक्सेलचा फोटो १६ बिटमध्ये उघडला की पूर्ण भरलेला एकेक लेयर १४४ एमबी खातो. दहा लेयर झाले की दीड जीबीच्या घरात, वर हिस्टरी, म्हणजे मागे जायच्या पायऱ्या, वेगळी. रॅम संपली की फोटोशॉप डिस्कवर लिहायला लागतं आणि ब्रश कर्सरच्या मागे रांगत येतो. लोक इथे कार्डाला शिव्या देतात, त्या बिचाऱ्याचा काही संबंध नसतो. १६ जीबीत भागतं, ३२ मध्ये सुखाने भागतं. लिक्विफाय, ब्लर गॅलरी, स्मार्ट शार्पन, कॅमेरा रॉ यांना मात्र ग्राफिक्सची मदत होते, आणि मॉनिटर फोर-के असेल तर झूम करतानाही फरक कळतो.

मग कार्ड लागतं कुणाला? डिनॉइजवाल्यांना, म्हणजे फोटोतले दाणे पुसणाऱ्यांना. ऐरोलीच्या खाडीवर पहाटे उजाडायच्या आत उभं राहून आयएसओ ६४०० वर, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाची संवेदनशीलता खूप वाढवून, फ्लेमिंगो टिपणारी मंडळी. घरी येऊन बघावं तर पाण्यावर रवा सांडलेला. लाइटरूम या फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये २०२३ साली एआय डिनॉइज आलं आणि हे बटण दाबल्यावर कार्ड असणं-नसणं उघडं पडतं. ८ जीबीच्या बऱ्या कार्डावर एक फोटो साधारण वीसेक सेकंदांत निघतो, जुन्या इंटिग्रेटेडवर पाच मिनिटं सहज. दोनशे फ्लेमिंगो धरले, तर एकीकडे तासाभरात हातावेगळे होतात, दुसरीकडे सोळा तास चाळीस मिनिटं. तोवर पक्षी कच्छला पोहोचायचे. डिनॉइज रोजचं असेल तर ८ जीबी व्हीरॅम बघूनच घ्या, ४ जीबीवर जीव टाकू नका. लॅपटॉपात कार्डाचं नाव वाचून थांबू नका, वॅट विचारा: आरटीएक्स ४०६० हे एकाच नावाचं कार्ड कुठे ३५ वॅटवर चालवतात, कुठे ११५ वर. अ‍ॅपलच्या एम मालिकेच्या प्रोसेसरांत सगळ्यांची टाकी एकच, पण पाइप दणदणीत. तिथे रॅम मात्र घेतानाच हवी तेवढी घ्यायची, नंतर वाढत नाही.

आणि पडदा! एनटीएससी आणि एसआरजीबी ही पडदा किती रंग दाखवतो ते मोजायची मापं. ‘४५ टक्के एनटीएससी’ असं बारीक अक्षरात लिहिलेला पॅनल एसआरजीबीचे दोन तृतीयांश रंगही दाखवत नाही. त्यावर फ्लेमिंगो बगळ्याच्या वळणावर जातो. मग माणूस सॅच्युरेशन ओढत बसतो आणि प्रिंट आली की अख्खा थवा रोझ सिरपमध्ये बुडवून काढलेला. कार्डाचे पैसे वाचले तर ते १०० टक्के एसआरजीबीच्या पडद्यात घाला, असं माझं ठाम मत आहे. पोरगा ‘साहेब, कार्ड असलं की कलर येतात’ म्हणेल. त्याच्याशी वाद घालू नये, त्याला टार्गेट असतं.

डेस्कटॉप घेणाऱ्याच्या नशिबात एक वेगळाच खेळ आहे. कार्ड बसतं, पंखे फिरतात, दिवे लागतात आणि वेग होता तिथेच. टेबलाखाली वाकून कॅबिनेटची पाठ बघा. मॉनिटरची केबल वरच्या उभ्या पोर्टांत, म्हणजे मदरबोर्डात असते. कार्डाचे पोर्ट खाली, आडव्या ओळीत. पडदा अजून जुन्याच नळावर चाललेला असतो. प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी ‘एफ’ असलेल्या इंटेलवाल्यांची ही चूक लगेच पकडली जाते, कारण त्यात इंटिग्रेटेड नसतंच आणि ‘नो सिग्नल’ येतं. बाकीच्यांचं महिनोन्‌महिने चालून जातं. मशीन बंद करा, केबल खाली लावा. कार्डाच्या पोर्टांवर बहुतेक वेळा प्लॅस्टिकची टोपणं असतात, ती आधी काढा.