दहा हजार मीटर आणि रॅकमॅनिनॉफ

माझ्या दोन वेडांना घरातले आणि ऑफिसातले पुरते कंटाळलेत, म्हणून आता मोर्चा फेसबुककडे. एक वेड पाश्चात्त्य शास्त्रीय पियानोचं. दुसरं लांब पल्ल्याच्या शर्यतींचं, त्यातही कॉलेजातल्या पोरापोरींच्या. स्वतःला येतं का म्हणाल तर दोन्हीकडे शून्य. नाशिकच्या गंगापूर रोडने सोमेश्वरला चालत निघाले की अर्ध्या वाटेत रिक्षा शोधते. पियानोवर एका बोटाने राष्ट्रगीत वाजवते, तेही 'तव शुभ नामे'पाशी अडकतं.

"मग तुला त्यातलं कळतं काय?" हा प्रश्न ठरलेला. अहो, विष्णु दिगंबर पलुस्करांनी जिथे आश्रम काढला त्या पंचवटीच्या गावात राहतो आपण. इथे गाण्याला बसणारे सगळे गातात थोडेच? ऐकून ऐकून कान तयार होतो, तसा बघून बघून डोळाही होतो. अडचण अशी आहे की आपण बघतच नाही. पदक कुणाला मिळालं, घरची परिस्थिती काय होती, वय किती, एवढं कळलं की आपलं समाधान होतं.

धावपटू कविता राऊतचंच घ्या. नाशिकमध्ये कुणालाही विचारा, सावरपाडा, पाणी आणायची पायपीट, अनवाणी धावणं, सगळं पाठ असतं. खरंच आहे ते, आणि सांगायलाही हवं. पण 2010 च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत दहा हजार मीटरला तिला रौप्य मिळालं, ती शर्यत ती कशी धावली हे सांगणारा माणूस मला अजून भेटायचाय. सुवर्ण भारताच्याच प्रीजा श्रीधरनचं. ट्रॅकच्या 25 फेऱ्या, बत्तिसाव्या मिनिटाला शेवट, आणि दोघींमधलं अंतर एका सेकंदाच्याही आत! दीडेक महिना आधीच दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत याच अंतराचं कांस्य कविताने घेतलं होतं.

हिशेब केला तर फेरीला साधारण 76 सेकंद पडतात. एक फेरी तेवढ्यात मारणारी मुलगी प्रत्येक चांगल्या कॉलेजात सापडेल. पंचवीस वेळा ओळीने मारणारी सापडत नाही. सुरुवातीला दोन सेकंद जास्त उधळले तर ते विसाव्या फेरीत व्याजासकट वसूल होतात. वळणावर दुसऱ्या लेनमधून धावत राहिलात तर फेरीमागे सात मीटरहून जास्त अंतर फुकट जातं. आतल्या कडेने राहावं तर पुढच्यांच्या घोळक्यात कोंडलं जायची भीती. बारा ते अठरा या फेऱ्यांत प्रेक्षक मोबाइल काढतात, कारण काहीच घडत नाही असं वाटतं. माझ्या मते शर्यत तिथेच ठरते. खांदे वर चढले की नाही, हात सैल आहेत की मुठी आवळल्यात, एवढं जरी बघितलं तरी कोण मागे पडणार ते आधी कळतं.

आता पियानो. जून 2022 मध्ये अमेरिकेतल्या फोर्ट वर्थला व्हॅन क्लायबर्न ही पियानोची स्पर्धा झाली. युनचान लिम हा कोरियातला कॉलेजचा विद्यार्थी, वय 18, पहिला आला. उपांत्य फेरीत त्याने लिस्ट या संगीतकाराच्या बाराच्या बारा 'ट्रान्सेंडेंटल' एट्यूड (कसब पणाला लावणाऱ्या छोट्या रचना) सलग वाजवल्या, तासाभराचं काम. अंतिम फेरीत रशियन संगीतकार रॅकमॅनिनॉफचा तिसरा कन्चेर्टो, म्हणजे पियानो आणि वाद्यवृंदाची मोठी रचना. त्याचा व्हिडिओ कोटीच्या वर बघितला गेलाय. लोक काय म्हणतात? "बाप रे, अठरा वर्षांचा!" झालं, विषय संपला.

मी तो व्हिडिओ सुरुवातीसाठी बघते. चाळीसेक मिनिटांची ही रचना भयंकर अवघड म्हणून गाजलेली. खुद्द रॅकमॅनिनॉफ 1909 साली तिच्या पहिल्या प्रयोगाला न्यूयॉर्कला जाताना बोटीवर मुक्या कीबोर्डवर सराव करत होता म्हणतात. आणि सुरू कशी होते? दोन्ही हातांत एकच साधी धून, एका सप्तकाच्या अंतराने. नवशिक्याही बसवेल अशी. लिम तिथे काही म्हणजे काहीच दाखवत नाही. हात शांत, जोर शिलकीत. पुढे कुठे किती लागणार आहे ते त्याला माहीत आहे, पंधराव्या फेरीतल्या धावपटूला माहीत असतं तसंच.

पियानोत आणखी एक गंमत आहे, सतार ऐकणाऱ्याला ती लगेच पटेल. सतारीत स्वर छेडल्यावरही तार ओढून मींड घेता येते. पियानोची पट्टी जेमतेम सेंटिमीटरभर खाली जाते. हातोडी तारेवर आपटली की त्या स्वरावरचा तुमचा हक्क बराचसा संपला. नाजूक-दणकट जे काय असेल ते त्या सेंटिमीटरात. तरीही ही माणसं तिथून गायल्यासारखं काढतात. हे कसं जमतं ते नीट कळलेलं नाही, म्हणून तर पुन्हा पुन्हा ऐकते.

थोडं कडू बोलते. आपल्या शहरात ही दोन्ही सुखं घरात शिरतात ती गुणांच्या पिशवीतून. पियानो ग्रेडच्या सर्टिफिकेटसाठी, मैदान दहावी-बारावीच्या सवलतीच्या गुणांसाठी. गुण मिळाले की कीबोर्डवर चादर आणि स्पाइक्स (धावायचे खिळ्यांचे बूट) माळ्यावर. आमच्याच सोसायटीत हे घडताना बघितलंय. त्या आईबापांना मी नावं ठेवत नाही, नीट-जेईईची फी भरून बघा मग कळतं. पण मजा सुरू होते ती त्या वयाच्या पुढे. आपल्याच जिल्ह्यातल्या संजीवनी जाधवने 2017 मध्ये तैपेईच्या जागतिक विद्यापीठ स्पर्धेत दहा हजार मीटरचं रौप्य आणलं ते कॉलेजच्याच वयात. दुती चंद 2019 ला नेपल्सला याच स्पर्धेत 100 मीटर जिंकली, 11.32 सेकंद, तीही विद्यार्थिनीच. बारावीला माळ्यावर टाकलं असतं तर?

तर मंडळी, आंतरमहाविद्यालयीन मैदानी स्पर्धा लागल्या की एखाद्या सकाळी जा. तिकीट नसतं, गर्दी नसते, जागा हवी तिथे मिळते. फिनिशपाशी पालकांच्या घोळक्यात उभं राहू नका, समोरच्या बाजूला वळण संपतं तिथे थांबा. तिथे धावणारीचे श्वास ऐकू येतात. आणि रॅकमॅनिनॉफ लावणार असाल तर कृपा करून मोबाइलच्या स्पीकरवर नको. साधे का होईना, हेडफोन लावा, नाहीतर डाव्या हाताचं निम्मं काम ऐकूच येणार नाही.